काचेवरचं कुंकू

भिंगारच्या कॅम्पातून विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात वडिलांनी ती तसबीर घेतली. बेलापूरच्या आमच्या घरात ती माजघराच्या भिंतीवर लागली. पांढऱ्या पायघोळ झग्यातली, केस मोकळे सोडलेली एक बाई छातीवर हात ठेवून उभी. तोंड अर्धवट उघडं. मागे पुष्कळ माणसं, पण सगळी तिच्यापासून चार पावलं लांब.

"नवरा गेलाय बिचारीचा," आत्या म्हणाली. "बघा ना, कुणी जवळ येत नाही."

आत्या अकराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. तीही पांढरंच नेसायची. तिचे केस राहू दिले होते, तेवढीच आमच्या घरची सुधारणा. रोज सकाळी देवघर आवरलं की ती कुंकवाचं बोट घेऊन यायची आणि काचेवर, त्या बाईच्या कपाळाच्या जागी, टेकवायची.

"वन्सं, मडमेला कसलं कुंकू?" आई हसायची.

"तिला दुसरं कोण लावणार?"

मी एकोणीस वर्षांची होते. पत्रकं वाचून वाढलेली. विधवांवरच्या अन्यायावर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं आणि घरात मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. आत्या तेव्हा तांदूळ निवडत होती. बेचाळीसच्या पावसाळ्यात चौकात विलायती मालाची होळी ठरली, तशी मी तसबीर उतरवली.

"ती राहू दे गं," आत्या म्हणाली. "माझी ट्रंक ने. तीही विलायतीच आहे."

"तुझी ट्रंक कोण बघतं? ही सगळ्यांना दिसते."



चौकट चांगली होती, म्हणून आधी तसबिरी मढवणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी मागचे खिळे उपसले. "कागद लई जुना हाय, बेटी. बाई रडती का गाती?"

चौकटीखाली दडलेल्या इंग्रजी ओळी मी वाचल्या. गात होती. ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक. त्यातला गेल्या शतकात छापलेला हा प्रवेश. लग्नाच्या दिवशी नवरी गाते आणि वऱ्हाडी तिला वाट करून देतात. मला हसूच आलं. चाचांनी त्या चौकटीत एका पुढाऱ्याचं चित्र बसवलं. काच मात्र पुसली नाही. "कुंकू हाय ते. माझ्या हातून नको."

चौकातल्या होळीत कागद जळायला काहीच वेळ लागला नाही.

घरी येऊन चौकट पुन्हा भिंतीवर लावली आणि मी आत्याला म्हणाले, "विधवा नव्हतीच ती. नवरी होती. तिकडे नवरीच पांढरं नेसते."

"पांढरं नेसून नवरी?" तिनं स्वतःच्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे तुला जाळायच्या आधी कळलं होतं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

सकाळचं कुंकू काचेवर तसंच होतं, पुढाऱ्यांच्या टोपीच्या जरा वर. "आता यांना लावत जा," मी म्हणाले.

"यांना लावायला सगळं गाव आहे," आत्या म्हणाली आणि तिनं पदरानं ते पुसून टाकलं. पांढऱ्या पदरावर लाल डाग उमटला. कुणी बघायच्या आत तो धुवायला ती विहिरीवर गेली.