शेपटीच्या तारा

फिटरकाकांनी उभी हयात कारखान्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधायला घेतलं. आता शेपटी दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. तारा तयारच होत्या. त्यांच्या मित्राने जपून ठेवलेल्या, आणि तो वारल्यावर त्याच्या बायकोने, वहिनींनी, स्वतः आणून दिलेल्या.

काकांनी तारांच्या टोकांना बसवलेल्या, बोल्टसाठी भोक असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांवरचा रंग खरवडला, तर भोकापाशी केसाएवढी चीर! तारांचे पीळही आतून गंजलेले. त्या लावाव्यात तर जिवाशी खेळ, नको म्हणावं तर वहिनींचं मन मोडणार.

"मित्राची आठवण भिंतीवर लावा, शेपटीला नको," काकूंनी सुनावलं.

काकांनी नव्या तारा आणल्या, जाड पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. पण वहिनींना सांगायला जीभ रेटेना.

एका सकाळी वहिनीच शेडमध्ये आल्या आणि नव्या तारांवरून बोट फिरवू लागल्या.

"वहिनी, त्या जुन्या... आतून गंजल्यात," काका चाचरत म्हणाले.

"बरं केलंत भावजी! गंजकी तार लावली असतीत, तर ह्यांनी वरून खाली येऊन तुमचा कान पिळला असता." वहिनींनी हसता हसता डोळे पुसले. "जुन्या द्या इकडे. माझा वेल कधीचा आधार शोधतोय."

तारांचं वेटोळं त्यांच्या हाती देताना काकांनी मनोमन देवाचे आभार मानले. मित्र नेलास, पण त्याच्या घराचं दार आमच्यासाठी उघडं ठेवलंस. मग पाना उचलून ते पहिली तार आवळायला बसले.