फित्र्याची फिर्याद

ती घटना आठवली, की आजही माझी मान खाली जाते.

भूम तालुक्यात ईट गावाच्या बाजूला पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. एक म्हातारे टेलर जावयाच्या मोटारसायकलवर बसून सकाळीच ठाण्यात आले. मोतीबिंदूमुळं त्यांचं शिवणकाम सुटलं होतं. तक्रार अशी, की सर्वेक्षणाच्या नावाखाली एक मुलगी गावात घरोघर देणग्या उकळते आहे.

"लई हुशार हाय साहेब. आता मशिदीच्या कमिटीकडं जायची म्हणती. आजच गावाबाहेर काढा तिला."

असल्या टोळ्या मी पाहिल्या होत्या. स्टेशन डायरीला नोंद घेतली, मुलीला बोलावून आणलं आणि महिला अंमलदारासमोर तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती रडकुंडीला आली, पण जबाब काही बदलेना. लोक कुणाला काय देतात, कुणासाठी पदरमोड करून राबतात, यावर ती विद्यापीठात संशोधन करत होती. ओळखपत्र खरं निघालं. तिच्या प्राध्यापकांनी फोनवर खात्री दिली. शिपाई गावात चौकशी करून आला, तर तिनं कुणाकडं काही मागितलंच नव्हतं.

खोटी तक्रार करणाऱ्याला घाई असते, हा माझा अनुभव. जावयाला बाहेर बाकावर बसवून मी त्या टेलरचाचांना आत घेतलं. मुलगी तिथंच होती.

"चाचा, हिनं तुमच्याकडं काय मागितलं?"

"काय न्हाय."

"खोट्या तक्रारीचा गुन्हा लागतो, ठाऊक आहे ना?"

ते टेबलाची कड चाचपत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काल जावयापुढं हिनं इचारलं, फित्रा देता का. म्हणलं, दरसाल देतो."

फित्रा म्हणजे ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हाती पोचवायचं दान.

"मग बिघडलं कुठं?"

"डोळं गेल्यापासनं म्या घेतो, साहेब. कमिटीच देती. तिथं हिनं इचारलं तर समदं उघडं पडंल. लेकीच्या सासरी काय तोंड दावू?"

मला त्यांच्याकडं बघवेना. गुन्हा कबूल करून घेणं हे माझं काम. त्या दिवशी मी एका माणसाची गरिबी कबूल करून घेतली होती.

मुलगी उठली. "चाचा, चुकलं माझं. देता का, एवढंच मी विचारत फिरले." ती बाहेर गेली आणि जावयाला म्हणाली, "दादा, ओळखपत्र न दाखवताच मी घरात आले. चाचांना संशय आला, तो बरोबरच होता."

जावई कौतुकानं हसला. "आमचे सासरे लई सावध हायत."

मुलीची तक्रार नव्हती. गैरसमजातून आलेला अर्ज म्हणून मी प्रकरण मिटवलं. त्यानंतर कुणी खोटं बोललं, की 'का बोललात' याआधी 'कुणापुढं बोललात' असं मी विचारत आलो. बरीच माणसं त्यामुळं समजली.

त्या दिवशी जावई गाडी काढायला गेला, तेव्हा चाचा पायरीवर थांबले. माझा हात धरून म्हणाले, "पोरीनं माझ्यापायी आळ सोसला, साहेब. हे बी घेतलंच की म्या."