जिजींचे इराणी बैल

उज्ज्वलाताईंनी पाठवलेला फोटो फोनवर आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. जुन्या इराणी पोथीतलं पान, वर फारसी ओळी, खाली शिकारीला निघालेला राजा आणि त्याला पाणी देणारा नांगऱ्या. नांगराला दोन बैल, आणि त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी लालभडक कुंकवाचे दोन गोळे. खाली मेसेज : "ताई, सासूबाईंनी जेवण सोडल्यासारखं केलंय. काही होईल का?" जुने कागद दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पोळा आठवड्यावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकहून शहाद्याच्या एसटीत बसले होते.

या वाटेने जाणार असाल तर एसटीच बरी. धुळ्यापर्यंत रस्ता मऊसूत आहे, पुढे दोंडाईचाकडे हाडं मोजून घ्यावी लागतात. सहा-सात तास धरा. तापी ओलांडली की दोन्ही अंगांना कापूस, ऊस आणि केळी, इतकी हिरवाई की डोळे निवतात. शेजारच्या मावशींनी पिशवीतली केळी माझ्या मांडीवर ठेवली आणि "कोठे जाई ऱ्हायनी?" असं अहिराणीत विचारलं. बैलांवर औषधपाणी करायला, म्हटलं. "डाक्टरीन शे व ही," त्यांनी मागच्या बाकापर्यंत जाहीर केलं. मग उतरेपर्यंत मला दोन म्हशींची दुखणी ऐकावी लागली.

शहाद्याजवळ, पुरुषोत्तमनगरच्या बाजूला एका गावात उज्ज्वलाताई शाळेत शिकवतात. घरची केळी, ऊस, दारात ट्रॅक्टर. पान या घरात कसं आलं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी पूर्वज बुऱ्हाणपूरला कारकून होता म्हणे. चित्रातला नांगऱ्या म्हणजे तोच, अशी घरात समजूत. माझ्या फारसी जाणणाऱ्या मित्राने फोटोवरून वाचलं तर ती एक साधी गोष्ट निघाली, तहानलेल्या राजाची. पान पाचशे वर्षांपूर्वीचं असावं, पण छातीठोक सांगणार नाही.

आता कुंकवाची भानगड. पान वर्षानुवर्षं भिंतीवर उंच टांगलेलं होतं. मग घरचे बैल विकले, ट्रॅक्टर आला. पोळ्याला गोठा रिकामा. जिजी म्हणजे उज्ज्वलाताईंच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी पान खाली उतरवलं, काच काढली आणि दर पोळ्याला चित्रातल्या जोडीला कुंकू लावून पुरणपोळीचा तुकडा तोंडाला टेकवायला सुरुवात केली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ट्रॅक्टरले पुरनपोयी कशी खावाडू? त्याले तोंड शे का?"

यंदा त्यांच्या नातवाने पान पाहिलं आणि "आजी, तू लाखाची वस्तू नासवली" म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून जिजींच्या घशाखाली घास उतरेना. हे पान त्यांच्या मालकांनी जाताना त्यांच्या हाती सोपवलं होतं. मी चपला काढते न काढते तोच त्यांनी विचारलं, "बैल गयात का व माय, मन्हा हातमा?"

मी पाहिल्याशिवाय सांगत नाही, म्हटलं. मग पान टेबलावर घेऊन भिंग लावलं. कुंकवाचे थर, त्यावर तूप, त्यावर मुंग्यांनी केलेली खोदाई. कागद पावसाळी हवेने दमट. बैलांचा भाग मोकळा ठेवून बाकीचं पान टिपकागदात घातलं आणि वर वजन म्हणून उसाच्या कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल ठेवले. दुसरा दिवस सुकण्यात जाणार होता, म्हणून मी तोरणमाळला गेले.

शहाद्याहून जीपने दीड-दोन तास लागतात. घाट असा चढतो की पोटातलं गळ्याशी येतं, पुढच्या सीटवर बसा. वर ढग रस्त्यावर उतरलेले, तलाव अर्धा दिसत होता. टपरीवर भाकरी, तिखट डाळ आणि कांदा, दोघांचं पोट भरेल एवढं. सीताखाईच्या कठड्याशी पोचले तेव्हा सगळं पांढरं होतं. पंधरा मिनिटं थांबले आणि ढग सरकून दरी उघडली, पार खालपर्यंत. खूप आनंद झाला मला, आणि त्या आनंदातही जिजींची न खाल्लेली भाकरी आठवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ टेबल ओढलं. पाणी लावायची सोय नाही, रंग वाहून जातो. मऊ ब्रश, बारीक पातं आणि डोळ्यांवर भिंग, तिळातिळाने कोरडं कुंकू उचलायचं. जिजी समोर खुर्ची घेऊन बसल्या. दुपारपर्यंत उजव्या बैलाचं शिंग मोकळं झालं, मग कान, मग डोळा. कुंकवाची लाल झाक मागे राहिली, पण चेहरा शाबूत होता. बैलाने मान वळवली होती.

"दखा, मांगे दखी ऱ्हायना तो," जिजी पुटपुटल्या.

डाव्या बैलाने मात्र दगा दिला. थराबरोबर रंग केव्हाच निघून गेला होता, खाली नुसता कागद. मी भिंग काढलं आणि खरं ते सांगितलं : एक वाचला, एक गेला. उज्ज्वलाताईंनी सासूबाईंचा हात धरला. जिजींनी वाकून पान जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "काच बसाडा आनि वर टांगा. मन्हा हात पोचाले नको, इतला वर." त्या संध्याकाळी त्या अर्धी भाकरी जेवल्या.

खर्चाचं म्हणाल तर एसटी आणि जीप मिळून खिशाला झळ लागली नाही. राहणं-जेवण त्यांच्याकडेच, वर केळ्यांचा घड, तो वागवत आणताना खांदा निखळला. तोरणमाळला तुम्ही एक मुक्काम करा.

नाशिकला आल्यावर पानाच्या नोंदीत मी लिहिलं : डाव्या बैलाचा चेहरा नष्ट, मूळ रूप अज्ञात. आमच्या कामात असं लिहावं लागतं, पण मन खट्टू झालं होतं.

पोळ्याच्या दिवशी उज्ज्वलाताईंचा फोटो आला. यंदा जिजींनी मातीचे बैल केले होते, स्वतःच्या हातांनी. उजव्याची मान मागे वळलेली. डावा मान खाली झुकवून, जीभ बाहेर काढून जमिनीवरचं गवत ओढणारा. मी ताबडतोब फोन लावला. जिजी म्हणाल्या, "तो आसाच व्हता. भलता खादाड."

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते पान पाहिलं होतं. मी तीन दिवस त्यांच्या घरी राहिले, भिंगातून कागद न्याहाळला, आणि दुसरा बैल कसा दिसायचा हे त्यांना एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. मग नोंदवही उघडून 'अज्ञात' खोडलं आणि लिहिलं : गवत खात होता. माहिती, जिजींकडून.