दारावरची चुंबळ

जावा-जावा, उभा दावा ही म्हण कोण्या शहाण्यानं आमच्याच घरात बसून केली असंल. वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, पण समोरचं दार एकच राह्यलं. त्यावर काय टांगायचं ते जाऊबाई ठरवे. दर दिवाळीले तेच पांढरकवड्याहून आणलेलं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, धूळ खाऊन काळं पडलेलं.

आम्ही दोघी एकाच गावच्या. तिच्या बापाचा मोठा गोठा, आमच्या घरी शेळीही नव्हती. मी शिकलेली म्हणून सासऱ्यानं मले सून करून आणलं, ते तिले आजतागायत पचलं नाही.

माही माय गेली तेव्हा भावजयीनं तिची एक साडी मले दिली. हिरवी, लाल काठाची, नेसाच्या कामाची नव्हती. मोबाइलवर एका बाईनं दारासाठी कापडाचं गोल कडं केलेलं पाह्यलं अन् मी ठरवलं, यंदा दारावर माही माय राहील. साडीच्या तीन लांब पट्ट्या शिवल्या, आत घरचाच कापूस भरला, तिन्हींची वेणी घातली अन् टोकं जोडून गोल केलं. काठाची लहान फुलं करून खालच्या अंगाले टाचली. चार दुपारा गेल्या. आमचे हे दोनदा वाकून पाहून गेले. त्यांच्या वहिनीचं, म्हणजे जाऊबाईचं, नाव निघालं की ह्या माणसाच्या तोंडात मिठाची गुळणी.

वसुबारसेले सकाळी जाऊबाईचं तोरण काढून ठेवलं अन् माहं कडं टांगलं. दुपारी वावरातून आली तं दारावर नुसता खिळा. मी घरामागे गेली. जाऊबाई उकिरड्याकडे चालली होती. डोक्यावर शेणाचं टोपलं, अन् टोपल्याखाली माहं कडं.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहून घेतलं म्हणून विचारलं, तं ती थांबली बी नाही.

"दारावर चुंबळ कायले टांगली? तुही माय आमच्या गोठ्यात शेण वाहे, हे गावाले सांगाचं हाय काय?"

खरं सांगते, ती म्हणेपर्यंत मले ते दिसलंच नव्हतं. चार दुपारा बसून मी मायची चुंबळ केली होती. माय रोज सकाळी जुनेराचं असंच वेटोळं करे, डोक्यावर ठेवे अन् जाय. मले टोपल्याले हात लावू दिला नाही तिनं कधी, अन् मी मोठी झाल्यावर त्या गोठ्याचं नाव कुठं काढलं नाही. लाजच वाटे मले.

मी जाऊबाईच्या डोक्यावरचं टोपलं दोन्ही हातानं उतरवलं, तिच्या पायाशी ठेवलं अन् चुंबळ घेऊन आली. तीनदा धुतली. फुलावरचा एक डाग गेला नाही. तशीच टांगली, तिचं तोरण तिच्या खाटेवर नेऊन टाकलं.

भाऊबीजेले जाऊबाईचा भाऊ आला. दारात थांबला, वर पाहून म्हणे, हे काय नवीन? जाऊबाई माह्या मागून त्याले घाईनं आत बोलवून राह्यली होती.

"चुंबळ हाय," मी म्हटलं. "तुमच्या गोठ्यातलं शेण माह्या मायनं अशाच चुंबळीवर वाह्यलं."

त्यानं चपला काढल्या. खाली पाहत आत गेला. मले लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू.