साडूंचा खिळा

माझे साडू हे उभ्या काशीतले एकमेव गृहस्थ असतील, जे लस्सीच्या दुकानात लस्सी पीत नाहीत; रवीकडे बघत उभे राहतात. विद्यापीठात ते धातू न वितळवता जोडण्याची विद्या शिकवतात. दोन पत्रे शेजारी ठेवायचे, सांध्यात पोलादाचा फिरता खिळा खुपसायचा आणि मऊ झालेला धातू पिठल्यासारखा घोटायचा. हा खिळा निमुळता असावा की सरळ, त्याला आटे हवेत की नकोत, या चिंतेत त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली. मंगला गौरीच्या देवळाजवळचा लस्सीवाला एकदा वैतागून म्हणाला, "गुरुजी, पहिले लस्सी पीजिए, मथनी का इंटरव्यू बाद में लीजिएगा."

अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडणे त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांना अ‍ॅल्युमिनियमला तांबे जोडायचे होते, आणि तांबे ऐकत नव्हते. सांधा दिसायला देखणा, ओढून पाहिला की तिथेच कडकन तुटायचा. खंडेनवमीला ते खिळा यंत्रातून काढून घरी आणत, पूजा करत आणि दसऱ्यानंतर न पुसता परत बसवत. एका वर्षी सांध्यात काळा डाग निघाला. नवे संयुग सापडले म्हणून विभागातले विद्वान सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसले. ते जळालेले कुंकू होते. मेहुणी म्हणाली, "त्या खिळ्याकडे बघतात तसं माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नाही यांनी."

निवृत्ती जवळ आली तसा माणूस खंगला. जाण्याआधी एक जोड टिकावा, एवढेच मागणे उरले होते. हाताखालची मंडळी संगणकावर खिळा फिरवून डॉक्टर होत होती आणि यांचा खरा खिळा मोडत होता.

गेल्या महिन्यात भर दुपारी ते गंगेपलीकडे रामनगरला माझ्या दारात उभे. हातात जोडलेल्या पट्टीचे दोन तुकडे.

"म्हणजे शेवटचाही तुटला?" मी म्हणालो.

"नीट बघा. वर्कशॉपात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निरोप घेणाऱ्या माणसासाठी वाजवतातच हो. तुम्ही जन्मभर माझी टर उडवलीत, तुम्ही सांगा. कुठे तुटलं?"

मी चष्मा लावला. तांबे शाबूत होते, सांधा शाबूत होता, सांध्यापलीकडे बोटभर अ‍ॅल्युमिनियमही होते. तिथे पट्टी तुटली होती. मला दोन-तीन चांगले विनोद सुचले. पण मला त्या माणसाची एकदम फार माया आली.

"अ‍ॅल्युमिनियममध्ये," मी म्हणालो. "जोड धरून आहे."

ते खुर्चीत बसले, डोळे पुसले आणि पुन्हा विचारले, "कुठे तुटलं?"

मी पुन्हा सांगितले.