निळ्या गाडीची फुल्ल टाकी

ही केस निघाली की माझा आवाज आजही चढतो. घरातली पोरं हसतात, म्हणतात, आज्जी निघाली बघा गाडी घेऊन. हसू द्या. मी शिपाई म्हणून खात्यात लागले, खात्याच्या परीक्षा देत देत सहायक निरीक्षक झाले आणि अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज घेतला. तोवर मोटारीतलं मला एवढंच कळायचं, की सरकारी जीपला डिझेल लागतं आणि सकाळी ती ढकलावी लागते. तरी ही केस मी सोडवली. आता अभिमान वाटतो तर वाटतो, लपवू कशाला?

नाव मात्र कुणाचं घेणार नाही. माणसं आहेत, त्यांची लेकरंबाळं आहेत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सकाळची हजेरी चालू होती. ठाण्यासमोर एक जीप थांबली आणि घनसावंगीकडच्या एका मोठ्या घराण्यातले थोरले उतरले. ऊस-कापसाची शेती, जालन्यात बंगला, सगळा भाग त्यांना अण्णा म्हणायचा. मागे त्यांचा धाकटा मुलगा, मान खाली घालून.

"मॅडम, फिर्याद घ्या," अण्णा बसायच्या आधीच बोलले. "माझ्या पोराच्या गाडीचा खून झाला."

आमचे जमादार ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होते. त्यांनी पेन थांबवलं. "अण्णा, गाडीच्या खुनाला कलम कोणतं लावू?"

"हसून राह्यले का जमादार? पोरगं मरता मरता वाचलं!"

ते मात्र खरं होतं. मुलानं मुंबईहून परदेशी बनावटीची एक टर्बोची स्पोर्ट्‌स गाडी आणली होती. निळी, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. जुन्या जालन्यातल्या एका मेकॅनिककडून त्यानं तिच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरची ताकद वाढवून घेतली. आणि आदल्या दिवशी वडीगोद्रीजवळ हायवेवर, भरधाव असताना, इंजिनातून धाडधाड आवाज आले, धुराचा लोट निघाला आणि गाडी मेली. मागून येणारा ट्रक थोडक्यात चुकला.

अण्णांचा आरोप सरळ होता. मेकॅनिकनं मुद्दाम काहीतरी करून ठेवलं. कारणही होतं. महिनाभरापूर्वी मुलगा म्हणाला, आणखी ताकद वाढव. मेकॅनिक म्हणाला, आता बास. त्यावरून गॅरेजसमोर, गल्लीतल्या लोकांदेखत, मुलानं त्याच्या थोबाडीत मारली होती. म्हणजे सूड. अण्णांना दुपारच्या आत अटक हवी होती, आणि तसा वरून एक फोनही मला येऊन गेला.

मी गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली, पंचनामा केला, मेकॅनिकला बोलावणं धाडलं. तो म्हणजे काय सांगू! संशयित म्हणून आलेला माणूस, आणि दारातूनच मला म्हणतो, "मॅडम, तुमच्या जीपचा सायलेन्सर गेलाय. आधी त्ये पाहू का?"

"आधी खाली बस," मी म्हटलं.

पुण्यात रेसच्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये राहून शिकून आलेला. बोलण्यात इतकी ऐट, की जमादारांचा हात शिवशिवायला लागला. मी त्यांना चहा सांगायला बाहेर पाठवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस पोलिसासमोर नम्र असतो. असली ऐट मिरवणारा बहुधा एक तर मूर्ख असतो, नाही तर निर्दोष.

"मला समजेल असं सांग," मी म्हटलं. "काय केलंस त्या गाडीला?"

"टर्बो म्हंजे फुंकणी, मॅडम. चुलीत फुंकलं की जाळ भडकतो न्हाई का? तसं हे इंजिनात हवा कोंबतं. मंग किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी कधी पाडायची, हे एक डब्बा ठरवतो. त्यो इंजिनाचा कॉम्प्युटर. कंपनी हात राखून सेटिंग करती. गाडी कुणाच्या हाती जाईल, कसलं पेट्रोल पडेल, काय भरोसा? मी लॅपटॉप लावला अन् त्यो राखलेला हात मोकळा केला."

"म्हणजे बिघडवलीस."

"बिघडवली? बिलकुल न्हाई! वाघ केला तिचा!"

"मग वाघ मेला कसा?"

तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "पेट्रोल, मॅडम. मी त्याला बजावलं होतं, औरंगाबादचं भारी पेट्रोल सोडून थेंब टाकू नको. हलकं पेट्रोल एवढ्या दाबात आपल्या मनानं पेटतं. आत हातोडे बसतात. पिष्टनला भोक पडतं. साध्या गाडीला चालून जातं, हिला न्हाई."

मी मुलाचा जबाब पुन्हा काढला. त्यात लिहिलेलं होतं, टाकी औरंगाबादला भरली, नेहमीच्या पंपावर. मोटार वाहन निरीक्षक येऊन इंजिन पाहून गेले. ते म्हणाले, पिस्टन वितळलाय, पण कॉम्प्युटरचं सेटिंग चुकलं असेल तरी असं होतं आणि पेट्रोल वाईट असेल तरी असंच होतं. झालं! मी होते तिथंच राहिले.

पण एक केलं. टाकीतलं पेट्रोल पंचांसमोर बाटल्यांत भरलं, लाखेचं सील मारलं आणि औरंगाबादच्या प्रयोगशाळेला पाठवलं. जमादार म्हणाले, "मॅडम, गाडी परदेशी, भांडण कॉम्प्युटरचं, आन तुम्ही पेट्रोल काय काढून राह्यलात?" मी म्हटलं, "जमादार, भाजी बिघडली की घरातले फोडणीवरून भांडतात. मी आधी तेलाचा डबा उघडून बघते."

अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर मेकॅनिकच्या गॅरेजसमोर कुणी गाडी लावेना. त्याची बायको ठाण्यात आली, पदर सारखा करत म्हणाली, "ताई, अटक करायची तर करून टाका. पर गल्लीत बोलून राह्यलेत लोक, की ह्यो गाड्यांत खोट घालतो. उद्या सुटून आला तरी ह्याच्याकडं कोण येईल?" ती बरोबर बोलत होती. कोर्ट माणसाला सोडतं. गल्ली सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोरच्या टपरीवरून चहाच आला नाही. मी स्वतः गेले. टपरीवाली मावशी स्टोव्हसमोर हात बांधून बसली होती.

"चहा न्हाई आज, मॅडम. रॉकेल कुठंय? रेशनचं दोन खेपा झाल्या आलंच न्हाई."

"का गं?"

मावशीनं इकडे तिकडे पाहिलं. "मला काय विचारता? आमच्या मालकाच्या रिक्षाला विचारा. त्या वळणावरच्या पंपावर पेट्रोल घेतलं की खोकून खोकून जीव देती. माणसाच्या स्टोव्हचं रॉकेल रिक्षाच्या पोटात चाललंय, अजून काय!"

मी जमादारांना विचारलं, तो पंप कुणाचा? त्यांनी आधी टोपी काढली, मग सांगितलं. "अण्णांच्या सोयऱ्यांचा. त्यांची लेक तिथंच दिलीय."

मला तिथंच केसचा धागा सापडला म्हणा. रिक्षा खोकते आणि चालते. आमची जीप कशावरही चालेल. पण राखलेला हात मोकळा केलेली ती निळी गाडी? तिला ते सोसणार नव्हतं.

मी मुलाला एकट्याला बोलावलं. अण्णा बाहेरच्या बाकावर. गाडीचा विषयच काढला नाही.

"ताई कशी आहे तुझी?"

तो दचकला. "बरी आहे."

"गेल्ता का एवढ्यात तिच्याकडं?"

तो शर्टाची बटणं चाचपायला लागला.

"नवी गाडी घेतलीस आणि बहिणीला दाखवली नाहीस? कसला रे भाऊ?"

"दाखवली की!" तोंडातून निघून गेलं आणि मग तो तोंड झाकून बसला. मी पाणी दिलं. ते पिऊन आपणच बोलायला लागला.

"त्याच दिवशी गेल्तो, मॅडम. पंपाच्या मागंच घर आहे त्यांचं. ताईनं गाडीला ओवाळलं, दाजींनी नारळ फोडला. मंग दाजींनी स्वतः नळी हातात घेतली, म्हणले, पाव्हण्याची गाडी दारात आली, टाकी फुल्ल करूनच जाणार. मी काय म्हणू? न्हाई म्हणलो असतो तर ताईला घरात सगळ्यांनी ऐकवलं असतं, तुझ्या भावाला आमच्या पंपाचं पेट्रोल चालत न्हाई म्हणून. सोयऱ्याच्या पंपासमोरून तसंच निघून जायचं कसं, तुम्हीच सांगा!"

"आणि गाडी बंद पडल्यावर?"

"तेव्हाच कळलं. पर दाजींचं नाव घेतलं तर ताईचं काय?"

"म्हणून मेकॅनिकचं घेतलंस."

"मी न्हाई घेतलं. अण्णांनी घेतलं. मी... गप बसलो फक्त."

"तुझ्या गप्प बसण्यानं एक माणूस आत जाणार होता," मी म्हटलं. पोरगा रडायला लागला. मी रडू दिलं.

अण्णांना आत बोलावून सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला माझा बाप आठवला. म्हणाले, "मॅडम, फिर्याद मागं घेतो. गाडी गेली, जाऊ द्या. लेकीचं घर आहे."

"अण्णा, तुमची फिर्याद मागं घेऊन मेकॅनिकवरचा डाग जाणार नाही. आणि हे रॉकेल गोरगरिबांचं आहे. आता ही तुमच्या घरातली गोष्ट राहिली नाही."

ते उठून निघून गेले. मला खात्री होती, आता फोन येणार आणि पंप रातोरात धुऊन निघणार. हातात माझ्या काय होतं? एका पोराचा जबाब आणि मावशीची तक्रार.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. एकटीच, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं. डोक्यावर पदर, हातात पिशवी. अण्णांची लेक.

"भाऊ येऊन रडून गेला," ती म्हणाली. "मॅडम, खरं का, माझ्यामुळं कुण्या मेकॅनिकला धरून ठेवलंय?"

मी म्हटलं, धरलेलं नाही, पण डाग लागलाय.

"मंग लिहून घ्या. आमच्या घरामागं शेड आहे. रॉकेलची निळी पिंपं उतरतात तिथं, भर दुपारी, सगळे झोपलेले असतात तव्हा. रेशन दुकानाचा टेम्पो येतो. उद्या येणार आहे." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "माझ्या नवऱ्याला मी किती डाव म्हणलं, सोडा हे. ते म्हणतात, सगळ्यांच्या गाड्या चालून राह्यल्या ना. आन त्याच हातानं माझ्या भावाच्या गाडीत भरलं हो, प्रेमानं! ध्यानातच आलं न्हाई त्यांच्या, इतकी सवय झाल्ती."

"बाई, याचा परिणाम तुझ्या घरावर होईल. विचार केलास?"

"केला. रात्रभर तेच केलं. माझा संसार माझी मी बघीन. पर माझं नाव पुढं करून दुसऱ्याच्या बायकोला ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावू नका."

जमादारांनी तिचा जबाब लिहिला. लिहिताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार आणि पुरवठा निरीक्षकांना बरोबर घेऊन, साध्या कपड्यांत, आम्ही भर दुपारी छापा टाकला. टेम्पो शेडच्या दारात, अर्धी पिंपं उतरलेली, एक नळी थेट पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत. मुद्देमालासकट दाजी, त्यांचा मॅनेजर आणि रेशन दुकानदार ताब्यात. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, गाडीच्या टाकीत रॉकेल होतं. मेकॅनिकच्या लॅपटॉपचीही तपासणी झाली. सेटिंग त्यानं सांगितलं होतं बरोबर तसंच निघालं.

खात्यानं शाबासकी दिली, ती मी सगळ्या स्टाफला वाटून दिली. पण गल्लीचं काय? मी अण्णांना निरोप धाडला, गाडी सोडतेय, घेऊन जा, आणि कुठे न्यायची ते तुम्ही ठरवा. एवढंच.

अण्णांनी गाडी टेम्पोवर चढवून सरळ जुन्या जालन्यात नेली. मीही मागोमाग गेले, न राहवून. बाजाराचा दिवस. धान्याच्या दुकानांपाशी गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो पुढे सरकेना. गाडी खाली उतरवली. मुलगा, हमाल, रिक्षावाले ढकलायला लागले. आणि अण्णा! पांढऱ्या धोतरातले अण्णा, मागून दोन्ही हात लावून ढकलत होते. अख्खी गल्ली दुकानांच्या पायऱ्यांवर उभी. मेकॅनिकच्या दारात पोचल्यावर अण्णांनी सगळ्यांदेखत किल्ली त्याच्या हातात दिली. "माझ्या पोरानं तुझ्यावर हात उगारला, मी आळ घेतला. गाडी तुझ्या हातानंच नीट झाली पाहिजे."

मेकॅनिकनं किल्ली घेतली, बॉनेट उघडलं आणि त्याची ऐट परत आली. "करतो, अण्णा. पर ह्या वेळी पेट्रोल मॅडमला विचारून भरा."

गल्ली हसली. त्याच्या बायकोनं सगळ्यांना चहा केला.

दाजींना शिक्षा झाली. ताईनं काही दिवस माहेरी काढले, मग तिचा संसार पुन्हा उभा राहिला, मोडला नाही, एवढंच मला नंतर कळलं. तिला मी पुन्हा भेटले नाही. पण नोकरीत जेवढे शूर लोक पाहिले, त्यांत तिला मी फार वर धरते.

या केसनं मला एक शिकवलं. आमच्या भागातला माणूस स्वतःसाठी जेवढं खोटं बोलतो, त्यापेक्षा जास्त सोयऱ्याधायऱ्यांसाठी बोलतो. म्हणून नंतरच्या सगळ्या नोकरीत मी 'खोटं का बोलतोस' असं विचारणं सोडलं. 'कुणासाठी बोलतोस' असं विचारायचे. माणूस आधी टाळाटाळ करायचा, मग एक नाव घ्यायचा. त्या नावाच्या माणसाला मी बोलावून घ्यायचे आणि समोर बसवून सगळं खरं सांगायचे. ज्याला वाचवायला बाकीचे खोटं बोलत असतात, त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. विचारलं, की पुष्कळदा तोच उठून म्हणतो, लिहून घ्या.