लाडू-चिवड्याची पिशवी

पशुधन पर्यवेक्षकाच्या पदविकेला मी दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला अर्धी डॉक्टर समजत होते. गुरांच्या पोटात प्लॅस्टिक गेल्यावर काय होतं, या प्रश्नाला पहिल्याच वर्षी मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यामुळे आमच्या इमारतीलगतच्या जूचंद्र गावातल्या एका काकांची गाय चारा-पाणी सोडून, डावी कूस फुगवून उभी आहे असं कळलं, तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या गुरांच्या डॉक्टरांच्या मागोमाग मी तोऱ्यातच गोठ्यात शिरले.

डॉक्टरांनी कूस दाबून पाहिली आणि पोट उघडावं लागेल असं सांगितलं. गाय गाभण होती. काकांकडे जनावर म्हणून ती एकटीच. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलले ती मीच. गाय मोकाट सोडता कशाला, बिल्डिंगच्या गेटवर ती काहीबाही खाते, एवढं कळत नाही का, असं बरंच काही. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्यांनी एवढंच सांगितलं, की ती चरायची त्या माळावर आता आम्ही राहतो त्याच इमारती आहेत.

उभ्या गाईच्या कुशीला भूल दिली, डॉक्टरांनी चीर दिली आणि खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून मला हात घालायला सांगितलं. आत इतकं गरम असतं हे पुस्तकात नव्हतं. बोटांना दोरखंडासारखा पीळ लागला. ओढला तर संपेचना. दुधाच्या पिशव्या, निर्माल्याच्या पिशव्या, सुतळ्या. बादली भरत आली. प्रत्येक पिशवीगणिक मी मनातल्या मनात लोकांना शिव्या घालत होते.

मग एक लहानशी पिशवी आली. तोंडाची गाठ तशीच, आत काळपट लगदा. अंगठ्याने पुसली तर लाल गणपती आणि खाली दोन नावं. त्यातलं एक माझ्या बहिणीचं.

मी दोन्ही नावं पुन्हा वाचली. गेल्या वैशाखात तिच्या लग्नात पाहुण्यांना द्यायची लाडू-चिवड्याची पाकिटं गोणीभर उरली होती. चिवडा खवट झाला, तेव्हा आई म्हणाली, गाईला घाल, तेवढंच पुण्य. गेटवर एक गाय उभी होती. एकेक गाठ सोडायचा मला कंटाळा आला. पिशव्यांसकट गोणी मी तिच्यापुढे ओतली आणि तिच्या कपाळाला हात लावून नमस्कारही केला. तो पैकीच्या पैकी गुणांचा प्रश्न सोडवून मला महिनाही झाला नव्हता.

काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. काही नाही म्हणून मी पिशवी बादलीत टाकली.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत रवंथ करायला लागली तर वाचली. इंजेक्शन द्यायला मी रोज जायचे. आज सांगायचंच असं ठरवून जायचे आणि टाके कोरडे आहेत, एवढंच सांगून परत यायचे. तासन्‌तास तिच्या जबड्याकडे बघत बसायचे. तो हलला नाही. चौथ्या दिवशी गेले तर गोठा रिकामा होता. गाय पहाटे गेली होती, पोटातल्या वासरासकट.

काका घरात गेले आणि काहीतरी घेऊन आले. तीच पिशवी. बादलीतून काढून, धुऊन, वाळवून तिची चौकोनी घडी घातली होती. ती उलगडून त्यांनी मला दाखवली.

“ह्याच्याव गनपती हाय, पोरी. नवरानवरीची नावा हायत. उकिरड्याव कशी टाकू? कोनाची हाय ती बघ, न त्यांना नेऊन दे.”

“माझ्या बहिणीच्या लग्नातली आहे,” मी म्हणाले. “गाईपुढे मीच टाकल्या होत्या. गाठीसुद्धा सोडल्या नाहीत.”

त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विस्कटलेली घडी पुन्हा नीट केली आणि पिशवी माझ्या हातात ठेवली.

“बहिनीला सांगू नको,” ते म्हणाले. “तिचा संसार नवा हाय.”